डबा हलवून लिहिलेली यादी

तुमचा प्रश्न असा आहे: "सासूबाई पाठकोऱ्या कागदावर किराण्याची यादी लिहितात, मी फोनमध्ये टिपते. माझ्या यादीनं सामान आणलं की एखादी वस्तू दोनदा येते आणि एखादी राहून जाते. हातानं लिहिण्यात खरंच काही उपयोग आहे, की ती नुसती जुनी सवय? आणि लिहायचीच असेल तर कशी लिहावी?"

बडोद्यात रावपुऱ्याच्या एका आतल्या गल्लीत आमचं किराणा दुकान आहे. वडिलांच्या हाताखाली मी १९८१ साली उभा राहिलो आणि २०२२ मध्ये गल्ला मुलाच्या हाती दिला. मधली एकेचाळीस वर्षं माझं निम्मं काम माप करण्याचं होतं आणि निम्मं लोकांच्या याद्या वाचण्याचं. त्या जोरावर सांगतो, उपयोग आहे. लोकांना वाटतं तो दुकानात होतो, पण तिथे थोडाच होतो. यादी माझ्या हातात पडायच्या आधीच तिचं मोठं काम स्वयंपाकघरात होऊन गेलेलं असतं.

ते मला कसं कळायचं? कागद बघून. उभं राहून, डबे उघडून लिहिलेली यादी फळीच्या क्रमानं चालते. आधी पिंपातले गहू-तांदूळ, मग डाळी, मग मिसळणाच्या डब्यातली मोहरी-जिरे-हळद, आणि शेवटी मोरीजवळचं, साबण आणि घासणी. त्या घरची मांडणी मी कधी पाहिलेली नसायची, पण कुठल्या घरी साबुदाणा रव्याशेजारी ठेवतात हे मला ठाऊक असायचं. दुसरी खूण मापाची. डबा हलवून लिहिणारी बाई "तूरडाळ पाऊण किलो, रवा पावशेर" लिहिते, कारण किती शिल्लक आहे ते तिनं पाहिलेलं असतं. कोचावर बसून लिहिलेल्या यादीत सगळं एकेक किलो असतं. अशा एकेक किलोच्या याद्यांचं सामान परत घ्यायचे प्रसंग जास्त आले. पुडा घरात होताच, मागच्या बाजूला सरकला होता, एवढंच.

हे मी शिकलो वडिलांकडून, आणि नुकसान सोसून शिकलो. आमचा घाऊक माल हाथीखान्याच्या बाजारातून यायचा. तिथे जायच्या आदल्या रात्री दुकान वाढवल्यावर वडील कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येक पोत्यापाशी जात, पोत्यात हात घालत, मगच आकडा लिहीत. गादीवर बसून यादी करू देत नसत. एका वर्षी गणपतीच्या तोंडावर त्यांना बरं नव्हतं. मी पहाटे घाईत, डोक्यातल्या हिशेबावर यादी केली. हाथीखान्यातून दोन पोती चणाडाळ आणली आणि घरी येऊन बघतो तर मागच्या खोलीत दोन पोती होतीच. गूळ मात्र राहिला. चतुर्थीच्या आधीचे तीन दिवस मोदकाच्या सारणासाठी गूळ मागायला आलेल्या बायकांना मी नाही म्हणत होतो, आणि त्या नारळ, तांदळाची पिठी, वेलची सगळंच दुसरीकडून घेत होत्या. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी मला फक्त पोत्यांपासून यादी पुन्हा लिहायला लावली. तुमची तक्रार, एक दोनदा येतं आणि एक राहतं, वाचली तेव्हा मला तीच चणाडाळ आणि तोच गूळ आठवला.

आता हाताचा भाग. "काका, यादी घरीच राहिली" हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेन. बोलणारीनं ती यादी स्वतः लिहिलेली असली तर ती काउंटरपाशी उभी राहून डोळे मिटायची आणि वीसपैकी सोळा-सतरा वस्तू सांगायची. मनातल्या मनात ती फळीवरून फिरत असावी. आईनं लिहिलेला कागद हरवून आलेला मुलगा मात्र दोन-तीन वस्तूंवर अडायचा. आमची मुलगी मानसशास्त्र शिकत होती, तिला मी हे सांगितलं. तेव्हा तिनं सांगितलं की नॉर्मन स्लॅमेका आणि पीटर ग्राफ या दोघांनी १९७८ साली नेमकं हेच प्रयोग करून मांडलं होतं: जे आपण आयतं वाचतो त्यापेक्षा जे स्वतः मनातून काढून मांडतो ते जास्त लक्षात राहतं. माझं निरीक्षण काउंटरचं, त्यांचं प्रयोगशाळेचं, पण गोष्ट एकच.

फोनला मी नावं ठेवत नाही. डब्यांसमोर उभं राहून फोनमध्ये टिपलंत तरी बराचसा फायदा मिळेल. पण तसं होत नाही हे मी पाहतो. फोनची यादी रिक्षात होते, ऑफिसात होते, रात्री अंथरुणात होते, डब्यांपासून लांब. कणकेच्या हातानं फोन उघडता येत नाही, म्हणून "नंतर टिपते" म्हणतो आणि नंतर ते डोक्यातून जातं. शिवाय फोनमध्ये मागच्या महिन्याची यादी तशीच पुढे पाठवायची सोय आहे. मुलगा गल्ल्यावर बसायला लागल्यावर हे फार वाढलं. एका घरून चार महिने हुबेहूब तीच यादी येत होती, साबुदाणा एक किलो धरून. मधे श्रावण सरला, नवरात्र सरलं, उपवास संपले, तरी साबुदाणा जातच होता. पाचव्या महिन्यात त्या घरचे गृहस्थ किडे झालेले तीन पुडे घेऊन आले. आम्ही ते परत घेतले, पण त्या घरी चार महिने साबुदाण्याचा डबा कुणी उघडून पाहिलाच नव्हता, ही गोष्ट मला पुड्यांपेक्षा जास्त लागली.

कागदावर मागची यादी पुन्हा वापरता येत नाही. दर वेळी शून्यापासून लिहावी लागते, आणि तो त्रास वाटतो तोच तिचा फायदा. प्रत्येक ओळीपाशी हात थांबतो आणि डोकं विचारतं, खरंच हवं का?

तुमच्या घरच्या गोंधळाला मला आणखी एक कारण दिसतं. घरात दोन याद्या आहेत. सासूबाईंनी तूरडाळ लिहिली, तुम्हीही लिहिली, दोघींच्या हातून ती आली. मीठ दोघींनी एकमेकींवर सोडलं, ते राहिलं. म्हणून आधी हे करा: यादी एक, जागा एक. स्वयंपाकघराच्या दाराशी एक खिळा, त्याला कागदाची चळत. जिच्या हाताला डबा हलका लागला तिनं त्याच क्षणी लिहायचं, मग ती तुम्ही असा, सासूबाई असोत की घरातला पुरुष असो. डबा रिकामा व्हायची वाट पाहायची नाही. चौथाई उरला की लिहायचं. मीठ, साखर, चहा यांना तर अर्ध्यावरच. बाहेर पडताना त्या कागदाचा खुशाल फोटो काढा. हल्ली आमच्याकडे निम्म्या याद्या अशाच येतात, हातानं लिहिलेल्या कागदाचा फोटो, आणि वाचायला मला त्या छापील यादीपेक्षा सोप्या वाटतात.

कागद कुठला? कॅलेंडरचं फाडलेलं पान सगळ्यात चांगलं. महिना संपला की ते निघतं, मागची बाजू कोरी असली की झालं, आणि यादी कुठल्या महिन्याच्या सुरुवातीची हे पुढच्या बाजूवरून आपोआप कळतं. लग्नपत्रिकेचा कागद गुळगुळीत असतो, त्याच्यावर पेन्सिल नीट उमटत नाही. पाकिटं उघडून सपाट केलीत तर चालतात.

आता लिहायचं कसं, यावर मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण बडोद्यात मराठी घराच्या यादीला एक वेगळीच अडचण आहे. आमच्याकडे माल बांधणारी मुलं गुजराती. त्यांना देवनागरी वाचता येतं, पण मराठी शब्द त्यांच्या कानाचा नसतो. सगळ्यात जास्त घोटाळा साखरेनं केला. तुम्ही "साखर" लिहिता, मुलगा "साकर" वाचतो, आणि गुजरातीत साकर म्हणजे खडीसाखर. तुमच्या साखरेला ते खांड म्हणतात. एका घरी सत्यनारायणाच्या शिऱ्यासाठी दोन किलो साखर मागवली आणि पुडा उघडला तर खडीसाखरेचे खडे. गुरुजी येऊन बसले होते. तेव्हापासून त्या बाई कंसात "खांड" लिहीत. तसंच "डाळं". चिवड्यात घालायचं डाळं मुलगा "दाळ" समजून चणाडाळ बांधतो. इथे त्याला दाळिया म्हणायचं. वरीच्या तांदळाला मोरैयो, ओव्याला अजमो, मोहरीला राई, मटकीला मठ, लोणच्याच्या मोहरीच्या डाळीला राईना कुरिया. इथल्या जुन्या मराठी बायकांच्या याद्यांत ही दोन्ही भाषांची सरमिसळ सर्रास दिसायची, एका ओळीत "जिरे" आणि खालच्या ओळीत "अजमो". शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्यांना ते खटकेल. मला ती शहाणपणाची भाषा वाटते, कारण यादी दुसऱ्यानं वाचायची असते.

मापाच्या खुणांचंही तसंच. जुन्या याद्यांत पावाला एक दंड, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन असत. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. गुजराती नाम्यातही, म्हणजे हिशेबाच्या वह्यांतही, हीच पद्धत, त्यामुळे वडिलांच्या पिढीत मराठी बाईचा आकडा गुजराती गुमास्त्याला न अडता कळायचा. आता ती खूण वापरू नका. एका आजींनी "रवा १।" लिहिलं, नव्या मुलानं तो दंड इंग्रजी एक समजून अकरा किलो रवा मापला. मी पाहिलं म्हणून थांबलं. "सव्वा किलो" असं अक्षरांत लिहा. "पावशेर" लिहिलंत तर हरकत नाही. मूळचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा होता, १९५६ च्या कायद्यानं किलो आला, शेर गेला, पण पावशेर राहिला आणि तो आता सगळीकडे २५० ग्रॅमच धरतात.

एकक कधी गाळू नका. "हिंग ५०" म्हणजे ५० ग्रॅम की ५० रुपयांचा? वेलची, केशर, जायपत्री, खसखस, महाग वस्तूंमध्ये हा गोंधळ फार. रुपये असतील तर "५० ची" लिहा, वजन असेल तर "ग्रॅम". आणि मराठी १ आणि ९ घाईत सारखे दिसतात, तेव्हा १ ची शेपटी खाली सरळ ओढा.

यापेक्षा मोलाची एक गोष्ट फार थोडे लोक करतात. वस्तूपुढे ती कशासाठी हवी ते लिहा. "गूळ, चिक्कीचा" लिहिलंत तर मी वेगळा गूळ देईन, कारण साध्या गुळाची चिक्की कडक होत नाही, मऊ पडते. "रवा, लाडवाचा" म्हटलं की बारीक, "उपम्याचा" म्हटलं की जाड. पोहे नुसते लिहिले तर मुलगा हाताला येतील ते देतो. कांदेपोह्यांना जाड, चिवड्याला पातळ. "तांदूळ, पिठीसाठी" लिहिलं तर तुम्हाला महागाचा लांब दाण्याचा बासमती कोण देईल? दुकानदाराला मालाची माहिती असते, तुमच्या घरी उद्या काय शिजणार याची नसते. ती दोन शब्दांत कळवलीत की तो तुमच्या बाजूनं विचार करू लागतो. पुड्यावर बारकोड असला तरी त्याला हे कळत नाही.

कागदाचे भाग पाडा: किराणा, भाजी, घंटी (म्हणजे पिठाची गिरणी), औषधं. भाजीची यादी मात्र फार पक्की करू नका. खंडेराव मार्केटमध्ये गेल्यावर कुठली भाजी चांगली आली आहे ते बघूनच ठरवावं, कागदावर फक्त "दोन पालेभाज्या, एक फळभाजी" एवढं पुरे. खोडायचं असेल तर एकच आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. खोडलेली ओळ म्हणजे घरातच सापडलेली वस्तू, आणि ती कुठे सापडली हे पुढच्या महिन्यात उपयोगी पडतं.

दुकानात कागद हातात ठेवू नका, बांधणाऱ्याला द्या. आमच्याकडे माल मापला की ओळीपुढे बरोबरची खूण, नसलेल्या मालापुढे फुली आणि उजव्या कडेला भाव. बेरीज खाली. तो कागद तारेत टोचायचा, उधारी असली तर वहीत. तुम्ही तो परत मागा आणि घरी क्लिपेत लावा. बारा कागद झाले की वर्षभराचा हिशेब तुमच्या हातात येतो, भावासकट. त्याचा खरा उपयोग उन्हाळ्यात, वर्षाचं धान्य भरताना. गहू किती पोती घेतले, एरंडेल लावून ठेवलेले किती टिकले, वासदची तूरडाळ कुठल्या महिन्यात संपली, हे आठवून सांगणारी घरं नेहमी चुकतात. कागद काढणारी चुकत नाहीत.

एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. दांडिया बाजारात राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आमच्या जुन्या गिऱ्हाईक. वर ॥ श्री ॥, अक्षर मोत्यासारखं, ओळी सरळ. एका महिन्यात त्यांच्या यादीत तूरडाळ दोनदा आली. मला वाटलं नजरचूक. पुढच्या महिन्यात ती तीनदा आली, तिन्ही वेळा "अर्धा किलो", तेच सुंदर अक्षर, आणि पंचवीस वर्षांत कधी न चुकलेला चहा यादीतच नव्हता. मी डाळ एकदाच बांधली, चहा माझ्या मनानं टाकला, आणि त्यांचा मुलगा आला तेव्हा दोन्ही कागद त्याच्या हातात दिले. त्याला आधी राग आला. महिन्याभरानं तो डॉक्टरांकडे आईला घेऊन गेल्याचं सांगायला आला. त्यानंतर त्यांच्या घरी एक रीत पडली: सून डबा उघडून समोर धरायची, बाई लिहायच्या. यादी लहान होत गेली. पण पुढची दोन वर्षं ती त्यांच्याच अक्षरात येत राहिली, आणि आमच्याकडे ती मीच वाचायचो, मुलांच्या हातात देत नव्हतो.

म्हणून तुमच्या सासूबाईंच्या हातचा कागद काढून घेऊ नका. तुम्ही त्यात लिहायला लागा. पहिल्या रविवारी दोघी मिळून डबे उघडा, एकीनं हलवायचा, दुसरीनं लिहायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि खिळ्याला पेन टांगू नका, पेन्सिल टांगा. भिंतीवरच्या कागदावर लिहिताना बॉलपेनचं टोक वर होतं, चार शब्दांत शाई उमटायची थांबते, आणि मग "नंतर लिहिते" सुरू होतं. पेन्सिलीला खाच पाडून दोरा घट्ट बांधा. दोरा हातभर लांब ठेवा, म्हणजे कागदाच्या खालच्या ओळीपर्यंत पेन्सिल सहज पोचते.